रोजचं पंक्चर

“सायकल झकास आहे हो, पण तिच्यावर बसलेला माणूस मीच दिसतो ना, तिथं सगळा घोटाळा होतो,” असं पॉलिशवाले काका एकदा म्हणाले होते.

काकांचं आयुष्य दुसऱ्यांच्या लाकडात गेलं. कुणाचं जेवणाचं टेबल, कुणाचा पलंग, कुणाचं दार. पॉलिशचा बोळा गोल गोल फिरवत ते लाकडात उजेड मुरवायचे आणि त्यात आपला चेहरा दिसू लागला, की काम झालं समजून सामान आवरायचे. त्या चेहऱ्याकडे त्यांनी कधी थांबून पाहिलं नसावं. बोटं कायमची तपकिरी, शर्टाला स्पिरिटचा वास. चालायचे तेही भिंतीच्या कडेकडेनं, जणू रस्ता दुसऱ्या कुणीतरी भाड्यानं घेतलाय.

थोरली बहीण नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिनं भावाला सायकल घेतली. महागडी. गर्द हिरवी, खोल विहिरीतल्या पाण्यासारखी. कातडी सीट, पितळी घंटी, आणि एकही ओरखडा नाही. “नाही म्हणालास तर तोंड बघणार नाही तुझं,” ताईनं बजावलं.

पहिल्या दिवशी काका बसून निघाले आणि कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत पोचले.

“काका, लॉटरी लागली काय?”

“छे रे, सासऱ्यांनी दिली असणार. उशिरा का होईना, पटला जावई!”

अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकसुद्धा फेस सांभाळत बाहेर आलं. काकांचे कान तापले. ते उतरले, ते उतरलेच.

घरी ठेवावी, तर ताई रोज फोनवर विचारणार, “सायकल नेलीस ना?” आणि ताईशी खोटं बोलायची त्यांची छाती नव्हती. म्हणून ते सायकल न्यायचे, हातात धरून. काकू म्हणाल्या, “अहो, माझ्याबरोबर कधी इतकं चाललात का?”

अशातच कुणीतरी विचारलं, “काय काका, पंक्चर?”

काकांना केवढा आधार वाटला! “हो ना, पंक्चर,” ते म्हणाले. त्या दिवसापासून तेच उत्तर ठरलं. पंक्चर झालेल्या माणसाचा कुणाला हेवा वाटत नाही. लोक आपुलकीनं च्च च्च करतात आणि आपल्या वाटेनं जातात. काका सुखात होते.

मग एका सकाळी पंक्चरवाला घरी आला. काकूंनी पुढे केलेला चहा त्यानं घेतला नाही, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे कळलं.

“काका, माझ्या पोटावर का पाय देताय?”

“मी? मी काय केलं बाबा?”

“या गल्लीत पंक्चर काढणारा मी एकटा. तुम्ही रोज पंक्चर सांगत फिरता. लोक म्हणतात, याचा पॅच एक दिवससुद्धा टिकत नाही. काल सलूनवाला माझ्या डोळ्यांदेखत त्याची सायकल पुढच्या चौकात घेऊन गेला. आणि तुमच्या चाकाला मी अजून बोटसुद्धा लावलेलं नाही!”

काकांच्या हातातला कप तसाच राहिला. “मी सांगतो लोकांना, तुझी काही चूक नाही म्हणून.”

“कुणाकुणाला सांगाल? लोकांना चाक फिरताना दिसायला पाहिजे.”

“आणि चाकांवर माणूस,” काकू आतून म्हणाल्या.

“हसतील रे.”

“हसू देत की! तुम्हाला हसले, तर संध्याकाळपर्यंत विसरतील. मला हसले, तर दुकान बंद होतं माझं.”

काका आपल्या तपकिरी बोटांकडे बघत राहिले. “संध्याकाळी निघालो तर? जरा गर्दी...”

“गर्दी आत्ता आहे. सलूनसमोर.”

“निदान शर्ट तरी बदला,” काकू म्हणाल्या.

पंक्चरवाल्यानं खिशातून जुन्या ट्यूबची एक पट्टी काढून पुढे केली. साखळीत पॅन्ट अडकू नये म्हणून बांधतात, तशी. काकांनी कप खाली ठेवला. पट्टी घेतली, वाकून पॅन्टचा उजवा पायचा घट्ट बांधला, आणि त्याच शर्टानं सायकल काढायला बाहेर पडले.