दोन कार्बुरेटर आणि डावा कान

सेलूला आमच्या घरासमोरच माझ्या नवऱ्याचं गॅरेज होतं. यायचे बहुतेक ट्रॅक्टरच. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात वर्ध्याचे एक म्हातारे वकील त्यांची दोन सीटची जुनी विलायती मोटार घेऊन आले. ती स्लो पकडत नव्हती. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थरथरायची आणि बंद पडायची.

त्या गाडीला दोन कार्बुरेटर होते, एक पुढे, एक मागे. दोघांनी सारखी हवा ओढली तरच इंजिन शांत चालतं. ती हवा आमचे हे रबरी नळीनं ऐकायचे. नळीचं एक टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात, आणि आवाज सारखा होईस्तोवर स्क्रू फिरवायचे. प्लग बदलले, जेट धुतले, कुठून हवा शिरते का तेही पाहिलं. गाडी तीनदा गेली, तीनदा परत आली. तिसऱ्यांदा वकील किल्ली ठेवून बसनं निघून गेले.

त्या दुपारी मी चहा घेऊन गेले, तर हे इंजिनवर वाकलेले. नळी पुढच्या कार्बुरेटरला लावली की उजव्या कानात घालत होते, मागच्याला लावली की डाव्या.

"दोन्ही सारखेच हायेत," ते चिडून म्हणाले. "तूच आयकून पाह्य."

मी एकाच कानानं दोन्ही ऐकले. मागचा कितीतरी जोरात ओढत होता. तसं सांगितलं. त्यांनी नळी घेतली, मागच्याच कार्बुरेटरला लावून आधी डाव्या कानात घातली, मग उजव्या. पुन्हा डाव्या, पुन्हा उजव्या. मग उजवा कान तळहातानं दाबून धरला.

"बोल काही."

वर्षभर हे माझ्या हाकेला ओ देत नव्हते. माझ्यावर राग आहे असं समजून मीही बोलणं कमी केलं होतं. तेच मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात सांगितलं. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

"काही नाई आलं," ते म्हणाले. काय बोललीस, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांनी एकट्या उजव्या कानानं दोन्ही कार्बुरेटर जुळवून गाडी दिली. ती पुन्हा आली नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी उजवाही कान जाईल म्हटलं, आणि तीन-चार वर्षांत तोही गेला. ट्रॅक्टरवाले दुसरीकडे जाऊ लागले. मग हे पंक्चर काढत बसायचे. ट्यूब पाण्यात धरली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.