जवसाचं तेल आणि समोरची काच

बाळांनो, परवा फोनवर गाडी दाखवली तेव्हा धाकटीनं विचारलं, "आजी, काचेवरचं कोळ्याचं जाळं कुठे गेलं?" मी सांगायला लागले आणि फोन तुटला. नंतर तुमच्या बाबांनी काहीतरी सांगितलं असेल, पण त्यांना फक्त शेवट ठाऊक आहे. मधली माझी चूक मी अजून कोणाला नीट सांगितलेली नाही. ती सांगावी म्हणून हे लिहिते आहे.

ते जाळं म्हणजे तडा. मोहाडीहून तुमसरला जाताना धानाच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेवर बसला. दर गुरुवारी मी माझ्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे तुमच्या मोठ्या आजीकडे तुमसरला जाते, हे तुम्हाला माहीत आहे. तिचे गुडघे गेले आहेत. बसमध्ये चढता येत नाही, मोटारसायकलवर ती बसत नाही. माझ्या गाडीच्या सीटची उंची तिच्या बेताची आहे. गुरुवारी तासभर तिला फिरवून आणते, तेवढंच तिचं घराबाहेर पडणं.

तुमच्या बाबांचं म्हणणं, गाडी भंगारात द्यावी. तडा हे निमित्त होतं. दोन पावसाळे समोरून पाणी आत येत होतं आणि खालचा पत्रा गंजला होता. शेवटी मी शब्द दिला: काच बदलते, त्यानंतर एक थेंब जरी आत आला तरी गाडी देऊन टाकीन.

तुमसरचा मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. आता त्याचेही केस पिकलेत. त्यानं दोन काचा आणून ठेवल्या होत्या. एक भंगारातल्या तशाच गाडीची, दुसरी नवी.

"मॅडम, जुनी घ्या. अस्सल कंपनीची आहे, अशी आता भेटत नाही."

मी चष्मा लावून दोन्ही काचांच्या कोपऱ्यातली बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. जुनी काच फुटली तर तिचा चुरा होणारी होती. नवी दोन थरांची, मधल्या पातळ पडद्यामुळे तुकडे धरून ठेवणारी. माझ्या शेजारी मोठी आजी बसते. मी नवी घेतली.

"शाळेतही तुमी असंच वाचत होत्या," मिस्त्री म्हणाला, "आमाले घाम फुटे."

मग तो तडा गेलेली काच काढायला लागला. काचेभोवतीचं रबर निघेना. ते लाकडासारखं कडक झालं होतं, चाकूनं कापलं की तुकडे पडत. त्यानं एक तुकडा नाकाशी नेला.

"मॅडम, याले काय लावत होत्या?"

"जवसाचं तेल."

"काहून?"

तुमचे आजोबा दर पोळ्याला बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या लाकडाला आणि बैलांच्या शिंगांना जवसाचं तेल लावायचे. बैल गेले, बंडी गेली, गाडी आली. तेल गाडीच्या रबराला लागू लागलं. आजोबा गेल्यावर मी ते काम नेमानं केलं, स्वच्छ फडक्यानं, एकही कोपरा न सोडता. जवसाचं तेल वाळलं की वार्निशासारखं घट्ट होतं. लाकडाला ते चांगलं. रबराला त्यानं भेगा पाडल्या आणि त्यातूनच पाणी शिरत होतं.

मोठी आजी त्याच्या दुकानासमोरच राहते. ती खुर्ची टाकून बसली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरं झालं, गाडीले झूल नाही घातली!"

मला हसू आलं नाही. इतकी वर्षं मी गाडी जपते आहे असं समजत होते.

मिस्त्रीनं चौकट घासून गंज काढला, रंग लावला आणि दुपारभर वाळू दिला. नवं रबर काचेभोवती चढवून त्याच्या खाचेत दोरी बसवली. साबणाचं पाणी लावून काच बाहेरून चौकटीत टेकवली, तो तळव्यानं थोपटत राहिला आणि मला आत बसून दोरी ओढायला सांगितलं. दोरी निघते तशी रबराची कड आत उलटून पत्र्यावर बसते.

"घाई नोका करू, मॅडम."

"मी कधी घाई केली आहे का?"

"नाही. म्हणून तं तुमाले दिली."

मग मोठी आजी तिच्या नेहमीच्या सीटवर बसली आणि मिस्त्रीनं पाइपानं पाणी सोडलं. थोड्या वेळानं तिनं खाली पाहिलं. तिच्या पायाजवळ एक थेंब पडला होता. तिनं त्यावर चप्पल ठेवली.

"मी पाह्यलं," मी म्हणाले.

"तुह्या पोराले सांगू नोको. त्याले तिकडून काय दिसते?"

मिस्त्रीनं वाकून तो थेंब बोटावर घेतला आणि चोळला. फेस आला. "साबणाचं हाय. खाचेत राह्यलेलं." मी सगळं पुसून घेतलं आणि पुन्हा पाणी सोडायला लावलं, पहिल्यापेक्षा जास्त वेळ. आतून सगळीकडे कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला.

तुमच्या बाबांना मी त्याच संध्याकाळी दोन्ही सांगितलं, थेंबही आणि कागदही. ते म्हणाले, "चालव, पण हळू."

तेलाची बाटली आता स्वयंपाकघरात असते. गाडी आहे. त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले, खाली ठेवलेला कागद कोरडा आहे. मोठी आजी दर गुरुवारी माझ्या शेजारी बसते.