आईचं निर्जळी व्रत

हसायचं तर हसा, पण सुलतान बाजारातल्या आमच्या गल्लीत मी माझ्या आईलाच देवी करून बसवलं!

दादा जाऊन महिना होत आला होता. त्याच्या चपला अजून दाराशीच. थोड्या अस्थी बासरला गोदावरीत सोडायच्या राहिलेल्या, आणि आई बसमध्ये पाय ठेवायला तयार नाही.

"आई, चल ना. दादा वाट बघतोय."

"नक्को म्हटलं ना! तू जाऊन ये."

आईशिवाय कसा जाऊ? मग मी तिच्यावर नजर ठेवली. पाणी नाही, चहा नाही. दुपारी पुन्हा अंघोळ, पुन्हा लुगडं धुणं. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, पण मला लगेच कळलं! दादासाठी निर्जळी व्रत आणि कडक सोवळं! अंगावर काटा आला हो.

आणि माझ्या पोटात काही राहतं का? शेजारच्या विमलकाकूंना सांगितलं. संध्याकाळी गल्लीतल्या बायका पाया पडायला हजर! मी आईला खुर्चीत बसवलं, हार घातला. आई डोळे मिटून, पाय घट्ट जुळवून, घामाघूम.

"समाधी लागली," मी कुजबुजलो.

"बाजूला हो रे, हौल्या, येड्या!" आई ओरडत उठली. मोरीपर्यंत पोचली नाही.

विमलकाकूंनी पटकन तिला चादर गुंडाळली. "मला पण होतं गं, खोकले की."

मागून कुणीतरी म्हणालं, "मला पण."

दुसऱ्या दिवशी नामपल्लीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पानी कैकू छोडे, अम्मा?" पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला आणखी झोंबते म्हणे. त्यांनी तपासण्या केल्या, औषध दिलं, आतले स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला.

परत येताना आई दाखवत होती, कुठल्या दुकानामागे, कुठल्या देवळाशेजारी संडास आहे. सगळा रस्ता तोंडपाठ! मग हळूच म्हणाली, "दवाखान्यात दादाच्या उशाशी पण दाबूनच बसायचे रे. उठले तर त्याचा हात सुटला असता."

मी भर रस्त्यात तिच्या पाया पडलो. या वेळी एकटाच.

बासरच्या बसमध्ये आई घोट घोट पाणी प्यायली, प्रत्येक थांब्यावर उतरून आली. मी मात्र तिला सोबत म्हणून अख्खी बाटली रिकामी केली.

"ड्रायव्हर अन्ना, गाडी रोको!"

सगळी बस आईकडे वळली.

"मैं नहीं भाई, ये!" आईनं माझ्याकडे बोट केलं.

शेताच्या बांधावरून मागे पाहिलं, तर दादाचा कलश मांडीवर घेऊन आई खिडकीतून हसत होती. महिन्यात पहिल्यांदा!

"काय रे," ती ओरडली, "तुझं व्रत सुटलं का?"