शेवटची ओळ रोज मीच टाईप करते

मंडळी, वकीलसाहेबांच्या चेंबरमध्ये टायपिस्ट म्हणून लागून मला तीन आठवडे झाले. लक्ष्मी गेटच्या क्लासात सहा महिने टायपिंग शिकले, पण खरं काम शिकवलं इथल्या मुंशीजींनी, म्हणजे वकीलसाहेबांच्या जुन्या कारकुनांनी. त्यांचा नियम एकच: कोऱ्या पानावर सुरुवात करायची नाही. जुनं शपथपत्र उघडायचं, नाव-गाव बदलायचं, प्रिंट काढायची.

आज दुपारी गरौठा गावाहून एक म्हाताऱ्या अम्मा आल्या. घराच्या कागदासाठी शपथपत्र हवं होतं. अंगठा शाईला लावला आणि थांबल्या. "बिटिया, जा में का लिखो है? तनक पढ़ के सुना दो।"

प्रत्येक शपथपत्राच्या शेवटी मीच टाईप करते, की मजकूर वाचून दाखवला आणि समजावून सांगितला. आजपर्यंत एकदाही कुणाला वाचून दाखवला नव्हता.

आज वाचला. दुसऱ्याच ओळीत अम्मा विधवा निघाल्या. कालच्या बाईंच्या शपथपत्रातलं 'विधवा' तसंच राहून गेलं होतं.

अम्मा शांतपणे म्हणाल्या, "हमाए वे तो बाहर बैठे चाय पी रए।"

मी माफी मागितली, ओळ बदलली, पुन्हा पूर्ण वाचून दाखवलं. मग अंगठा लागला. मुंशीजी म्हणाले, "होता है, बेटा।"

काल मी अकरा शपथपत्रं केली. सगळी कोर्टात गेली. वाचून दाखव, असं कुणीच म्हटलं नव्हतं. ती शेवटची ओळ मात्र अकराही कागदांवर आहे.

उद्या त्या फायली उघडून बघू, की गप्प बसू? तुम्ही काय केलं असतं?