चिमट्याचं सोवळं

काशीत राहून मोक्षाची अजिबात चिंता न करणारा एकच मराठी माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे. आमच्या भाऊजींना चिंता असते ती एवढीच, की आरसा, आकडी आणि चिमटा यांनी एकमेकांना शिवता कामा नये. ते दातांचे डॉक्टर आहेत. बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला, समोरून माणूस आला तर आपल्याला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागेल अशा गल्लीत त्यांचा दवाखाना आहे. दवाखान्याची खुर्ची रस्त्याच्या बाजूने काही केल्या आत येईना, तेव्हा त्यांनी ती नावेत घालून घाटावर आणली आणि मल्लाहांनी 'हर हर महादेव'च्या गजरात पायऱ्यांवरून वर चढवली. वाटेत तिला नमस्कार करणारे बरेच निघाले. लांबून बघणाऱ्यांना ती कुणा महाराजांची गादी वाटली असणार. भाऊजींनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. "नमस्कार करने दो, बस हाथ मत लगाने दो," एवढंच त्यांनी मल्लाहांना बजावलं.

हात लावणे हा त्यांच्या आयुष्यातला मोठा विषय. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मोरीत गेली, तर घरातले सगळे टूथब्रश वेगवेगळ्या खिळ्यांना, वीतवीतभर अंतरावर टांगलेले. तिला वाटलं, घरात वाटण्या झाल्या आहेत! ब्रशांनी एका पेल्यात डोकी एकमेकांना लावून उभं राहणं हे भाऊजींच्या मते सगळ्या रोगांचं मूळ आहे, हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला, पण फार नाही. पंगतीत ते वाढप्यांचे चमचे वेगळे करत बसतात. चहा पितात तो फक्त मातीच्या कुल्हडातून. एकदा प्यायचा आणि फोडून टाकायचा, हा माणसाने लावलेला सर्वांत थोर शोध असं त्यांचं मत आहे. मी पान खातो. त्यामुळे त्यांच्यासमोर मी हसताना तोंडावर हात धरतो आणि शक्यतो हसण्याजोगं काही बोलतच नाही. बोलता बोलता चित्रं काढायची त्यांना सवय आहे. घाटावर बसलो की बोट गंगेत बुडवून पायरीवर रेघा ओढायला लागतात. उन्हाने चित्र मुद्द्याच्या आधीच वाळतं, मग पुन्हा पहिल्यापासून.

गेली काही वर्षं ही सगळी चित्रं एकाच वस्तूची असत. दातांच्या डॉक्टरची हत्यारं कशी ठेवलेली असतात ते तुम्ही पाहिलं असेल. खरं म्हणजे नसेल, कारण आपण तेव्हा डोळे गच्च मिटून घेतलेले असतात. एका ट्रेमध्ये ती एकावर एक पडलेली असतात. चिमटा उचलायला जावं तर बोट आकडीच्या टोकाला लागतं, आकडी आरशावर घासते. "भट्टीतल्या वाफेतून शुद्ध होऊन आलेलं हत्यार या शेवटच्या वीतभर अंतरात बाटतं," असं भाऊजी म्हणत. त्यांना असं स्टँड हवं होतं की हत्यारांसकट भट्टीत जाईल, कोपऱ्यात पाणी साचणार नाही, मुठी डॉक्टरच्या बाजूला आणि टोकं अधांतरी राहतील, आणि पेशंटने लाथ झाडली तरी ते आडवं होणार नाही.

"बाजारात मिळतात की तयार," मी एकदा म्हणालो.

"मिळतात. पण त्यांनी अण्णांचं समाधान होत नाही."

अण्णा म्हणजे भाऊजींचे वडील. पिढ्यान्‌पिढ्या वेदपठण करणारं घर, आणि अण्णा त्यातले शेवटचे मोठे वैदिक. रोज संध्याकाळी दिवेलागणीला त्यांचा पाठ सुरू झाला की गल्लीतला पानवालासुद्धा रेडिओ बारीक करतो. अशा अण्णांची उजवीकडची दाढ किडली होती. गाल सुजायचा, उतरायचा, पुन्हा सुजायचा. आणि खालच्या मजल्यावर मुलाचा दवाखाना असून अण्णा त्या खुर्चीत बसायला तयार नव्हते. "ज्या तोंडाने वेद म्हणतो, त्या तोंडात गल्लीभराची उष्टी हत्यारं?" असा त्यांचा रोकडा सवाल होता.

"अण्णा, भट्टीत घालतो. वाफेने सगळे जंतू मरतात."

"उष्टा भात पुन्हा शिजवला तर सोवळ्यात चालतो का?"

दातांच्या कॉलेजात हा प्रश्न परीक्षेला नव्हता. भाऊजी म्हणाले, "बरं, तुमच्यासाठी नवीकोरी आणतो." अण्णा म्हणाले, "आणशील, आणि ठेवशील त्याच ट्रेमध्ये. शिवाशिव झाली की नवी काय नि जुनी काय." आणि मग ते मऊ भाताचा घास डाव्या गालात धरून, डोळे मिटून, हळूहळू गिळत. समोर बसलेले भाऊजी आपला घास तसाच ताटात ठेवत. मी ते पाहिलं आहे. इतरांना हसायला लावणारा हा माणूस त्या वेळी अगदी केविलवाणा दिसायचा. "सारा मोहल्ला माझ्यापुढे तोंड उघडतो," एकदा ते मला म्हणाले, "माझा बापच तेवढा उघडत नाही." नुसत्या दाढेचं दुःख नव्हतं ते. मुलाच्या धंद्याबद्दल अण्णा कधी वाईट बोलले नाहीत, पण त्याला 'तुझं ते दुकान' याखेरीज दुसरं नावही त्यांनी कधी दिलं नव्हतं.

तेव्हा स्टँड अण्णांच्या परीक्षेला उतरायला हवं होतं, आणि जंतूंपेक्षा ती परीक्षा अवघड. पहिलं स्टँड लाकडाचं झालं. लाखेच्या रंगाची खेळणी करणाऱ्या एका कारागिराने ते इतकं मनापासून केलं, की वर स्वतःहून एक पोपटही बसवला. भट्टीत लाख वितळली. चिमटा लाल, आकडी हिरवी, आणि आरशात बघावं तर पोपट! पुढच्या पेशंटने ते पाहून विचारलं, "डॉक्टर साहब, होली तो अभी दूर है न?" दुसरं रामनगरच्या एका ग्रिलवाल्याकडून लोखंडी करवून घेतलं. त्यात हत्यारं टोकं वर करून उभी राहत. "ई का हौ डॉक्टर साहब, त्रिशूल?" असं ग्रिलवाल्याने विचारलं, आणि त्याच दिवशी भाऊजींची बाही त्यात अडकून फाटली. मग हत्यारं उलटी केली, तर टोकं तळाच्या पाण्यात बुडाली. तिसरं गच्चीवर वाळत ठेवलेलं माकडाने नेलं. समोरच्या कठड्यावर बसून त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि खाली टाकून दिलं. भाऊजींना त्या माकडाचा राग आला नाही. "त्याचंही बरोबर आहे," ते म्हणाले, "पकड चांगली नव्हती."

शेवटी उत्तर सापडलं ते जेवताना. ताईच्या घरी अजून छताजवळ बांबूची वलणी टांगलेली आहे. अण्णांची सोवळ्याची धोतरं तिच्यावर वाळतात, कुणाचा हात पोचू नये इतक्या उंच, आणि काढायची ती काठीने. भाऊजी आमटी-भात कालवत होते. अण्णा आंघोळ करून आले, त्यांनी काठी वर नेली आणि एक धोतर अल्लद उचललं. शेजारचं हललंसुद्धा नाही. भाऊजी घास हातात तसाच धरून वर बघत राहिले आणि एकदम ताटावरून उठले.

"अरे शिवशील! लांब हो!" अण्णा ओरडले.

"नाही शिवत, अण्णा! तेच तर!" असं म्हणत भाऊजींनी आमटीच्या बोटाने नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर दोन आडव्या रेघा ओढल्या. ताईने ती भिंत पुन्हा रंगवून घेतली, पण त्या रेघांवरून जे झालं ते खरंच देखणं होतं. स्टीलच्या दोन आडव्या दांड्या, दोन्हींना खाचा. हत्यार दोन खाचांवर पालथं टेकतं, टोक हवेत, मूठ बाहेर. सरळ वर उचलायचं, शेजाऱ्याला धक्का नाही. वर झाकण, आणि ते उघडायचं पायाने. त्याला इंग्रजी नाव काय द्यावं यावर भाऊजी महिनाभर विचार करत होते. तोवर ताईने 'दवाखान्यातली वलणी' म्हणायला सुरुवात केली होती, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

अण्णा ती पाहायला यायचं कबूल झाले. फक्त पाहायला. मला आधारासाठी बोलावलं होतं, आणि आधार कुणाला द्यायचा ते भाऊजींच्या चेहऱ्यावरून कळतच होतं. नवी हत्यारं वलणीत घालून भट्टीतून काढून ठेवली होती. अण्णा स्नान करून, रेशमी सोवळं नेसून, गंगेचा तांब्या हातात घेऊन खाली उतरले. भाऊजींनी पायाने झाकण उघडलं. अण्णांनी वाकून निरखलं.

"हात कुठे लागतो?"

"मुठीला. बस्स."

"टोकं कशाला टेकतात?"

"कशालाच नाही."

अण्णांनी मान डोलावली. भाऊजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा तजेला आला. आणि एवढ्यात अण्णांनी, घरात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूवर, म्हणजे फ्रिजवर, स्कूटरवर, ताईच्या मोबाइलवरही जे केलं होतं तेच केलं. तांब्यात बोटं बुडवली आणि त्या उघड्या वलणीवर गंगा शिंपडली.

"अण्णा! बाटवलंत सगळं!"

भाऊजी इतक्या मोठ्याने ओरडलेले मी जन्मात ऐकले नव्हते. अण्णांपुढे तर ते खोकतसुद्धा हळू. बाहेर पानवाल्याचा चुना लावणारा हात थांबला. काशीत, भर सकाळी, गंगाजलाने बाटलं म्हणणारा माणूस! ताईने तोंडावर हात घेतला. भाऊजी स्वतःच घाबरले होते, पण शब्द काही मागे घेता येत नव्हता. त्यांनी मुकाट्याने वलणी उचलली, पुन्हा भट्टीत घातली आणि दार लावून घेतलं.

"आता परत सगळं करावं लागेल. टाइम लागेल," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"गंगा चालत नाही?" अण्णांनी विचारलं.

"माथ्यावर चालते, अण्णा. इथे नाही चालत."

अण्णा बाकावर बसले. भट्टी फुसफुसत होती. मला वाटलं, आता हे उठून वर जाणार आणि पुन्हा या पायऱ्या उतरणार नाहीत. भट्टी थांबली. भाऊजींनी हात धुतले, हातमोजे चढवले, वलणी जागेवर ठेवली. अण्णा सगळं बघत होते. मग ते उठले, तांब्या त्यांनी स्वतःच्या हाताने लांब कोपऱ्यात ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले.

"मी याला दुकान म्हणत होतो," ते म्हणाले. "तुझं सोवळं माझ्यापेक्षा कडक आहे रे." आणि त्यांनी मान मागे टेकून तोंड उघडलं.

दाढ निघाली. तोंडात कापसाचा बोळा देऊन भाऊजींनी सांगितलं, "आज दिवसभर बोलायचं नाही." अण्णांनी आज्ञाधारकपणे मान हलवली, आणि दिवेलागणीपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही की आता पाठ कोण म्हणणार. शिष्य सगळे अमृतराव घाटावर एका अनुष्ठानाला गेलेले. अण्णा आसनावर बसून हातवारे करत होते. पाठात खंड पडलेला त्यांना आठवत नव्हता. शेवटी त्यांनी भाऊजींकडे बोट दाखवलं. भाऊजी लहानपणी त्यांच्यापुढे बसून शिकले होते, पण आवाज फुटायच्या सुमाराला शाळेतल्या विज्ञानाने त्यांना ओढून नेलं. त्यानंतर ते त्या आसनासमोर कधी बसले नव्हते, आणि बस असं अण्णाही कधी म्हणाले नव्हते.

ते आंघोळ करून, सोवळं नेसून बसले आणि अडखळत सुरुवात केली. अण्णांचा उजवा हात वर गेला. स्वर कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा ते या लोकांत हाताने दाखवतात. हात वर जायचा, खाली यायचा, बाजूला वळायचा. भाऊजी चुकले की तो हवेतच थांबायचा आणि ते सुधारेपर्यंत तिथेच वाट पाहायचा. मला वेदातलं ओ की ठो कळत नाही. पण तो थांबलेला हात मी पाहिला, आणि सरळच सांगतो, मला रडू आलं. ताई तर दाराआड आधीपासूनच पदराला डोळे पुसत होती.

आता दवाखान्यात अशा तीन वलण्या आहेत. भाऊजींच्या बरोबर शिकलेल्या एका डॉक्टरनेही एक करवून नेली. तिचं पेटंट घ्या, असं त्यांना सगळे सांगतात. ते हो म्हणतात आणि पायरीवर ओल्या बोटाने झाकणाची नवी बिजागरी काढायला लागतात.

परवा मी माझे पानाचे दात साफ करून घ्यायला खाली दवाखान्यात बसलो होतो. अण्णा आपणहून जिना उतरून आले आणि खुर्चीत बसले. "हा दुखतोय," ते डावीकडे बोट दाखवून म्हणाले. भाऊजींनी आरशाने पाहिलं, ठोकून पाहिलं.

"अण्णा, हा एकदम चांगला आहे."

"दुखतोय म्हणतो ना."

भाऊजी बराच वेळ त्या दाताकडे बघत राहिले. मग पायाने झाकण उघडलं, चिमटा उचलला आणि त्या धडधाकट दातावर कापसाचा बोळा अलगद ठेवला. "आज दिवसभर बोलायचं नाही," ते म्हणाले. अण्णांनी मान हलवली आणि ते जिना चढून गेले. भाऊजींनी राहिलेल्या पेशंटांना उद्या यायला सांगितलं, त्यांत मीही आलो.

संध्याकाळी मी गल्लीतून जात होतो. वरच्या खिडकीतून आवाज येत होता तो भाऊजींचा एकट्याचाच, आणि अजून पुष्कळ अडखळत होता. मी मनात म्हटलं, अडखळू दे बाबा. नीट जमायला लागलं, तर अण्णांचा दात दुखायचा थांबेल.