धरलेला दम

कपाशी फवारायला मास्क तोंडावर चढवला की रबराचा वास येतो, आणि मोताळ्याजवळच्या शेतातून मी थेट अंदमानच्या त्या छोट्या बेटावर जातो. बारा वर्षं झाली, तरी जातोच.

लेकीने हट्टाने आम्हा नवरा-बायकोला समुद्राखालचे मासे पाहायला पाठवलं होतं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. शिकवणारा एकच गोष्ट बजावत होता: खाली श्वास कोंडायचा नाही, घेत राहायचा. मला हसू आलं. विहिरीत पडलेली बादली मी एका दमात काढून आणणारा. आमच्याकडे पाण्यात शिरायचं म्हणजे आधी छाती भरून दम धरायचा. हा मला काय शिकवतो?

खाली गेलो आणि सवयीने दम धरला. कानांत दडे बसले, छाती फुटायला आली, समोर नुसतं निळं. शिकवणाऱ्याने दंडाला धरून मला वर आणलं. विहिरीची पायरीही कधी न उतरलेली माझी बायको मंदा दुसऱ्या शिकवणाऱ्यासोबत खालीच राहिली.

वर आल्यावर तिने विचारलं, "तुमी काऊन लवकर आले?"

"मास्कात पाणी शिरलं," मी म्हणालो.

तेव्हापासून ते खोटं सलतंय. गावात कोणी विचारलं की न पाहिलेले मासे मीच रंगवून सांगतो. मंदा तेवढ्यात चहा टाकायला आत जाते.

आज मास्क चढवून मी नकळत दम धरला होता; धुऱ्याच्या बांधावर पंपात पाणी ओतता ओतता ती म्हणाली, "आता तरी श्वास घ्या. तिथंबी तुमचे बुडबुडे निंगत नव्हते. मी मासे कुठी पाह्यले? तुमच्याकडंच पाहून राह्यली होती."