पुठ्ठ्याचा कीबोर्ड

नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर मला सरकारी शाळेत बाबूची नोकरी मिळाली. अट एकच: तीन वर्षांत कम्प्यूटरची परीक्षा पास करायची, नाहीतर घरी बसायचं. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. माझी नोकरी गेली असती तर आमची चूल कशी पेटते हे विचारायला कोणी येणार नव्हतं. म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मी इथे उज्जैनच्या माधव नगरातल्या एका क्लासला नाव घातलं. तिथल्या सरांची आठवण आली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

क्लासच्या दारात चपला काढायच्या. आत चार कम्प्यूटर, चारही फुलाफुलांच्या कव्हरांखाली झाकलेले, वर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू तसंच. पाचवा सरांचा, त्यावर ते दिवसभर लोकांचे फॉर्म भरत. आम्हाला काय मिळालं? एक वही आणि एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर कीबोर्ड छापलेला, बटणांची नुसती चित्रं.

"सर, मशीन पर कब बैठेंगे?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"पहले थ्योरी, मॅडम. नींव पक्की होनी चाहिए."

मग काय, पोपटपंची सुरू. ज्यांच्यामार्फत आपण कम्प्यूटरला माहिती देतो ते इनपुट डिवाइस. कीबोर्ड, माउस, स्कॅनर, माइक, वेबकॅम, जॉयस्टिक, लाइट पेन. लाइट पेन मी आजतागायत डोळ्यांनी पाहिलेलं नाही. अख्ख्या उज्जैनमध्ये कोणी पाहिलं असेल तर मला येऊन सांगा.

संध्याकाळी मी पोळ्या लाटायची आणि सासूबाई माझी वही घेऊन पाटावर बसायच्या. "हं, म्हण. इनपुट कोण कोण?" मी एखादं विसरले की लगेच, "अगं, तो कागदाचा फोटो काढणारा राहिला ना! स्कॅनर!" यादी त्यांना माझ्याआधी पाठ झाली. स्वयंपाक उरकला की मी ओट्यावरच पुठ्ठा मांडून हिंदी टायपिंगचा सराव करायची. बोटं सरसर पळायची. सासूबाई कौतुकाने बघत. "किती हलक्या हाताची आहेस गं," म्हणायच्या. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

परीक्षा इंदूरला होती. उत्तरं माउसने निवडायची होती. तो बाण माझ्या हातून नुसता पळत होता, पण जीव मुठीत धरून तेवढं जमवलं. मग टायपिंग आलं. स्क्रीनवर वर मजकूर, खाली आपण लिहिलेलं. सरांचा नियम होता, नजर मजकुरावरून हलवायची नाही. मी हलवली नाही. बोटं अशी पळाली की वेळ संपायच्या आधी मी शेवटच्या ओळीला पोचले. मग खाली पाहिलं. अर्धी अक्षरं नव्हतीच. पुठ्ठ्यावर बोट टेकवलं की काम झालं. खऱ्या बटणाला खाली दाबावं लागतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! सगळी बोटं बरोबर जागी पडली होती आणि मी नापास झाले होते.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "हलका हात, हलका हात करत होते मी. माझ्याच तोंडाला आग लागो." त्यांना रडताना बघून माझं रडू पळालं आणि राग चढला.

दुसऱ्या दिवशी क्लासात गेले. सर खुर्चीतूनच म्हणाले, "कोई बात नहीं मॅडम, आपकी उम्र में थोड़ा टाइम लगता है."

झालं! माझं डोकं फिरलं. चपलांसकट आत शिरले आणि एकेक कव्हर ओढून काढलं. एका कम्प्यूटरला कीबोर्डच नव्हता. दोन मशीनच्या वायरी कशालाच जोडलेल्या नव्हत्या. आणि चौथा, चौथा बटण दाबताच चक्क चालू झाला! इतके महिने माझ्यापासून दोन हातांवर धडधाकट मशीन झाकलेलं होतं आणि मी घरी पुठ्ठा बडवत होते. दिवसभर मी हिंदीत बोलते, पण संताप आला की तोंडात मराठीच येते. "शिकवता की उंटावरून शेळ्या हाकता? लाज वाटत नाही?" सरांना शब्द कळले नसतील, अर्थ बरोबर पोचला.

त्या दिवसापासून शाळा सुटली की मी त्या चौथ्या मशीनवर बसू लागले. विचारलं नाही, कव्हर काढलं आणि बसले. इतकी जोरात दाबायची की सर एकदा म्हणाले, "मॅडम, तोड़ोगी क्या?"

"हाँ," मी म्हटलं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या संधीला मी पास झाले. सासूबाईंनी शिरा केला. आणि पंधरा दिवसांनी टावर चौकात ऑटोतून उतरते तर समोर मीच! क्लासचा फ्लेक्स, त्यावर माझा फॉर्मवरचा फोटो. नवरा गेल्याच्या महिन्यात काढलेला, डोळे सुजलेले. खाली लिहिलेलं, 'मेहनत हमारी, सफलता आपकी.' मेहनत म्हणे ह्यांची! मेला, आयत्या बिळावर नागोबा!

तिथूनच दुसरा ऑटो केला आणि क्लास गाठला. तोंडात शिव्या तयार होत्या. आत सर नव्हते. कव्हरं पुन्हा चढलेली होती. कोपऱ्यात माझ्याच वयाची एक बाई मांडीवर पुठ्ठा घेऊन बसली होती, ओठ पुटपुटत, बोटं हलकेच टेकवत.

"मिस्टर की जगह पर लगी हूँ," मी विचारायच्या आत तिने सांगितलं. "इस साल लास्ट चान्स है."

मी तिच्या मांडीवरचा पुठ्ठा उचलला आणि टराटरा फाडला. ती घाबरून उठली. चौथ्या मशीनचं कव्हर काढलं, ते चालू केलं आणि तिला तिथे बसवलं. तिने एका बटणावर बोट नुसतं ठेवलं, चुलीवरचा तवा तापलाय का बघावं तसं. स्क्रीन कोरीच.

"दबाओ," मी म्हटलं.

"टूट गया तो?"

"टूटने दो, बहन. ज़ोर से दबाओ."